पिंपल्स आणि वाढलेलं वजन: काढा की गोळ्या? (उत्तर लांबलंय, चहा घेऊन बस)

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय २५, हिंजवडीत नोकरी, उंची पाच फूट दोन इंच, दोन वर्षांत वजन ५८ वरून ६७, हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दुखरे पिंपल्स, आणि फेब्रुवारीत लग्न. स्किनवाल्या डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन (पिंपल्ससाठीची पोटात घ्यायची गोळी) लिहून दिलंय पण तू अजून सुरू केलेलं नाहीस. साताऱ्याहून आईचं रोज फोनवर चालू आहे की रक्त बिघडलंय, काढा घे. पार्लरवालीने एक हर्बल क्रीम दिलं होतं, त्याने पंधरा दिवस चेहरा काचेसारखा झाला आणि मग पहिल्यापेक्षा वाईट. ऑफिसातली मैत्रीण म्हणते पोटात टोचायचं इंजेक्शन घे, दोन महिन्यांत बारीक होशील. आणि तुझा प्रश्न असा की नॅचरल उपायांनी दोन्ही होईल का की गोळ्या घ्याव्याच लागतील, कारण साइड इफेक्टची भीती वाटते. मी कोथरूडला स्किनची प्रॅक्टिस करते, बावीस वर्षं झाली, वयाने तुझ्याहून बरीच मोठी आहे म्हणून अगंतुगं करतेय, राग मानू नकोस.

सगळ्यात कामाचं वाक्य तू शेवटी जाता जाता टाकलंयस, की मानही काळी पडलीय, लिंबू लावलं, बटाट्याची चकती घासली, पण जात नाही. आणि त्याहून कामाची गोष्ट तू लिहिलेलीच नाहीस, ती म्हणजे पाळी वेळेवर येते का. मानेच्या मागे, काखेत अशी मखमलीसारखी जाडसर काळपट कातडी होते ना तो मळ नसतो, बहुतेक वेळा ती अंगात इन्सुलिन जास्त फिरतंय याची खूण असते. इन्सुलिन जास्त झालं की ओव्हरीजमध्ये पुरुषी हॉर्मोन जरा जास्त तयार होतं, शिवाय लिव्हरमधलं जे प्रोटीन त्या हॉर्मोनला बांधून ठेवतं ते कमी पडतं, म्हणजे मोकळं हॉर्मोन आणखी वाढतं, ते त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथींना कामाला लावतं आणि मग पिंपल्स येतात ते बऱ्याचदा हनुवटीवर, जबड्याला, गळ्याच्या वरच्या भागात. वजन चढतं ते पोटावर. म्हणजे तू ज्यांना दोन दुखणी समजतेयस ते एकच असण्याची शक्यता मला बरीच वाटते. पीसीओएस हे नाव तू ऐकलेलं असणारच.

शक्यता म्हणतेय हं, निदान नाही. चेहरा न बघता, हात न लावता निदान करणारी डॉक्टर मी नाही. तीन गोष्टी बघतात, पाळी अनियमित असणं, पुरुषी हॉर्मोनची लक्षणं (पिंपल्स, हनुवटीवर राठ केस, भांगातले केस विरळ होणं) किंवा रक्तात ते हॉर्मोन वाढलेलं असणं, आणि सोनोग्राफीत ओव्हरीजचं ठराविक चित्र. तिन्हींपैकी दोन असतील आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हॉर्मोन) वगैरे दुसरं कारण नसेल तर पीसीओएस म्हणतात. पाळी घड्याळासारखी येत असेल तर माझं हे सगळं म्हणणं बरंच ढिलं पडतं, मग वजनाचं कारण हिंजवडीचं कॅन्टीन आणि ट्रॅफिकमध्ये रोज जाणारे तीन तास इतकं साधंही असू शकेल. म्हणून आधी मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा लिहून काढ.

हे काही मी जन्मजात शहाणपणातून सांगत नाहीये. प्रॅक्टिसच्या चौथ्या वर्षी माझ्याकडे इंजिनिअरिंगची एक मुलगी यायची, अशीच जबड्यावर पिंपल्सवाली. मी तिला अँटिबायोटिक दिलं, तीन महिन्यांत छान झाली, बंद केलं की परत. मी पुन्हा दिलं. तेव्हा माझ्याकडे संध्याकाळी चाळीस पेशंट असायचे आणि मला वाटायचं मी फार पटापट बघते. माझ्या क्लिनिकच्या खालच्या मजल्यावर एक वैद्य बसतात, सत्तरीकडे झुकलेले, आता तर कमीच बघतात. ती मुलगी कंटाळून त्यांच्याकडे गेली, आणि तासाभराने त्यांच्याच सांगण्यावरून जिना चढून परत माझ्याकडे आली, हातात त्यांच्या पॅडवरची चिठ्ठी. "पाळी ४ महिने नाही. कृपया बघावे." बास, एवढंच लिहिलेलं. मी तिला सहा-सात महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. ती चिठ्ठी अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, शाई पार उडालीय. तेव्हापासून आमचं ठरलेलं आहे, खड्डे पडणारे पिंपल्स ते वर पाठवतात आणि पोटाच्या, पचनाच्या तक्रारी घेऊन गोळ्यांना कंटाळलेले लोक मी खाली पाठवते. भांडतोही आम्ही, गुळवेलीवरून तर चांगलेच.

त्यामुळे नॅचरल विरुद्ध केमिकल हे भांडण मला आता खरं सांगायचं तर कळतच नाही. मेटफॉर्मिन, जी गोळी पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींना देतात आणि जिला सगळे "शुगरची गोळी" म्हणून घाबरतात, तिचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या एका झुडपात आहे. फेसवॉशमधलं सॅलिसिलिक अॅसिड विलोच्या सालीच्या शोधातून आलं. तू ज्याला घाबरतेयस ते आयसोट्रेटिनॉइन म्हणजे व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलंच. आणि दुसऱ्या बाजूला, झाडाचं आहे म्हणून लिव्हर त्याला सोडून देतं असं काही नसतं. मी कुठल्याही उपायाला तीनच गोष्टी विचारते. यात नक्की काय आहे आणि किती आहे? हे चालतंय की नाही ते किती आठवड्यांत कळेल? आणि नाही चाललं तर मधल्या काळात माझं काय नुकसान होईल? तिसरा प्रश्न लोक विसरतात. वजन सहा महिने उशिरा कमी झालं तरी चालतं गं, पण खोल गाठीवाले पिंपल्स सहा महिने तसेच ठेवले तर खड्डे पडतात, आणि खड्डा कुठल्याच काढ्याने भरत नाही, लेझरनेसुद्धा पूर्ण नाही.

आता क्रीमचं. मी प्रत्येक नवीन पेशंटला फोनवरच सांगते, घरात चेहऱ्याला लावायचं आणि पोटात घ्यायचं जे जे आहे ते एका पिशवीत घालून आणा. मागच्या महिन्यात एकीने तुळशीबागेतल्या पिशवीतून टेबलावर अकरा वस्तू ओतल्या. कोरफडीची बाटली, मुलतानी मातीचा पुडा, दोन सिरम, प्रोटीन पावडरची सॅशे, एक काढा, आणि तळाशी एक पांढरी प्लास्टिकची डबी, वर फक्त एका फुलाचं चित्र. ना कंपनीचं नाव, ना बॅच नंबर, ना एक्सपायरी, ना घटक. "पार्लरवाल्या ताई घरी बनवतात." तिचे गाल लाल, बारीक रक्तवाहिन्या दिसतायत, गालावर नवीन लव आलेली, उन्हात गेलं की आग होते. आणि एक दिवस क्रीम चुकलं की तिसऱ्या दिवशी पुटकुळ्यांचा नुसता सडा.

ही गोष्ट स्टेरॉइडची. अशा डब्यांत बऱ्याचदा मेडिकलमध्ये मिळणारं स्टेरॉइडचं मलम मिसळलेलं असतं, बीटामेथासोन नाहीतर क्लोबेटासोल. ते सूज झटकन उतरवतं आणि रंगही उजळवतं, म्हणून पहिले पंधरा दिवस "काचेसारखे" जातात, मग कातडी पातळ होते आणि स्वतःच पिंपल्स आणते. आपल्याकडे हा प्रकार इतका वाढला की अशी बरीच मलमं २०१८ मध्ये सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत टाकली, तरी मिळतात ते सोड. तुझ्या क्रीमने आधी जादू आणि मग वाटोळं केलं हे वाचून मला पहिला संशय हाच येतो. अजून लावत असशील तर तुझ्या डॉक्टरांना ती डबी नेऊन दाखव. आठवडा-दोन आठवडे लावलेलं सरळ बंद करता येतं, पण महिनोन् महिने लावलेलं एकदम सोडलं तर चेहरा पेटतो, ते उतरवत आणावं लागतं. आणि हे मात्र त्यांना सांगच, कारण स्टेरॉइडने आलेले पिंपल्स आणि हॉर्मोनचे पिंपल्स यांचा इलाज वेगळा होतो.

घरातल्या बाकी गोष्टी पटकन सांगते. लिंबू चेहऱ्यावर नको, मानेवरही नको, ते भयंकर आम्लधर्मी असतं आणि लावून उन्हात गेलं तर चट्टे उठतात. खायचा सोडा त्याच्या बरोबर उलटा आणि तितकाच वाईट. टूथपेस्ट दातांसाठी असते. खोबरेल केसांना लाव पण कपाळावर ओघळू देऊ नकोस, छिद्रं बुजतात, कपाळावरच्या बारीक पुटकुळ्या घेऊन येणाऱ्या निम्म्या मुलींना मी फक्त तेल आणि हेअर सिरम बंद करायला लावते. बेसन-हळदीचं उटणं दिवाळीला अंगाला लाव की, मला स्वतःला आवडतं, पण सुजलेल्या पिंपल्सवर घासायचं नाही, घासून पिंपल जात नाही, पसरतो आणि डाग सोडतो. मुलतानी माती तेल शोषते, आठवड्यातून एकदा चालेल. कोरफड थंडावा देते, लाव. आमच्या वैद्यांचा लेप लोध्र, धने आणि वेखंडाचा आहे, तारुण्यपिटिकांसाठी जुन्या ग्रंथातलाच, सौम्य पिंपल्सवाल्या मुली त्यांच्याकडून तो घेतात आणि मी काही बोलत नाही, फक्त आधी कानामागे लावून दोन दिवस बघा म्हणते.

वनस्पतीच्या उपायांत ज्याची नीट तुलना झालेली मला माहीत आहे ते टी ट्री ऑइल. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ जणांवर पाच टक्के टी ट्री आणि पाच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड समोरासमोर लावून बघितलं, दोन्हींनी पिंपल्स कमी झाले, टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण आग आणि कोरडेपणा कमी झाला. यात पाच टक्के हा शब्द लक्षात ठेव. बाटलीतलं शुद्ध तेल थेट गालावर लावून भाजून घेतलेल्या मुली येतात माझ्याकडे.

आणि खरं काम करणारी साधी जोडी म्हणशील तर रात्री अडापलीनचं जेल (हेही व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं, पण वरून लावायचं) आणि सकाळी अडीच टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड. अडीच टक्के पुरतं, दहा टक्क्यांनी फक्त आग वाढते. अडापलीन हरभऱ्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला, नुसतं पिंपलवर ठिपका लावायचा नाही, कारण आज दिसणारा पिंपल आतमध्ये काही आठवड्यांपूर्वीच सुरू झालेला असतो आणि आपल्याला पुढच्याला अडवायचंय. सुरुवातीला एक दिवसाआड. पहिल्या महिन्यात कातडी सोलपटते, कधी पिंपल्स वाढल्यासारखेही वाटतात, नव्वद टक्के मुली इथेच सोडतात आणि म्हणतात "मला सूट झालं नाही". बारा आठवडे द्यायचे. बेन्झॉइलने टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे पडतात, आईच्या चांगल्या चादरीवर झोपू नकोस. सनस्क्रीन हवंच, नाहीतर पिंपल जातो आणि काळा डाग सहा महिने मुक्काम करतो.

तुला लिहून दिलेल्या आयसोट्रेटिनॉइनबद्दल. ते चुकीचं दिलंय असं मी अजिबात म्हणणार नाही, गाठी आणि खड्डे पडणाऱ्या पिंपल्ससाठी त्याच्या तोडीचं औषध आजही नाही, आणि ओठ कोरडे पडणं सोडलं तर बहुतेकांना ते बिनबोभाट चालतं. पण त्याचा एक साइड इफेक्ट असा आहे की ज्यात मी हसत नाही. गोळी चालू असताना दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग येण्याचा धोका फार मोठा असतो. गोळी चालू असेपर्यंत आणि शेवटच्या गोळीनंतर पूर्ण एक महिना गरोदरपण नको म्हणजे नकोच. तुझं लग्न फेब्रुवारीत आहे, कोर्स बहुतेक सहा-आठ महिन्यांचा असतो, म्हणजे आज सुरू केलंस तर हिशेब लग्नाच्या अंगावर येतो. हे डॉक्टरांशी आणि होणाऱ्या नवऱ्याशीही स्पष्ट बोल, इथे लाजून चालत नाही. अडापलीनसुद्धा दिवस राहण्याच्या तयारीत बंद करायचं असतं. आयसोट्रेटिनॉइनच्या आधी लिपिड आणि लिव्हरची तपासणी होते ती टाळू नकोस, तुझं वजन वाढलेलं आहे आणि ही गोळी ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) वाढवू शकते. मूड फार उतरतोय असं वाटलं तर लगेच कळवायचं. आणि नवरीला कोणी सांगत नाही ते मी सांगते, गोळी चालू असताना आणि नंतर साधारण सहा महिने चेहऱ्याचं वॅक्सिंग नाही. लग्नाच्या आधी तीन दिवस अप्परलिप्सचं वॅक्स केलं आणि कातडीच निघून आली अशी नवरी मी मेकअपच्या आदल्या दिवशी बघितलेली आहे. थ्रेडिंग चालतं, जरा हलक्या हाताने.

आता वजन, इथे मी स्पेशालिस्ट नाही पण रोज बोलावं लागतं. तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २७ च्या आसपास येतो. ऑफिसातले म्हणतील कुठे जाडी आहेस तू. पण आपल्याकडे २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, गोऱ्या लोकांचे आकडे आपल्याला लागू नाहीत. आणि हे ज्यांच्या कामामुळे जगाला नीट कळलं ते आपल्या पुण्याचेच, केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी शेजारी फोटो छापून आला, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी ब्रिटिश डॉक्टरांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून चरबी, अशी आपली घडण. त्यामुळे काट्याबरोबर कंबर मोज, बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

दिलासा असा की पीसीओएस असलं तर सगळे नऊ किलो घालवावे लागत नाहीत. पाच टक्के वजन उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारायला लागते, म्हणजे तुझ्या बाबतीत साडेतीन किलो. आणि पिंपल्स आणि वजन यांना एकत्र पकडणारी एक छोटीशी चाचणी आहे, २००७ मध्ये मेलबर्नच्या लोकांनी ४३ तरुण मुलांना बारा आठवडे साखर आणि मैदा कमी, प्रोटीन जास्त असं जेवण दिलं, नेहमीचं जेवण घेणाऱ्यांपेक्षा त्यांचे पिंपल्स जास्त उतरले आणि वजनही. मुलगे होते आणि थोडेच होते, त्यामुळे ब्रह्मवाक्य नाही, पण माझ्याकडे जे दिसतं त्याच्याशी ते जुळतं. दुधाचं, खास करून व्हे प्रोटीनचं तसंच, काहींना त्याने पिंपल्स वाढतात, सगळ्यांना नाही. सहा आठवडे बंद करून बघ, फरक नाही पडला तर परत घे.

डाएट कुठलं, दोनदा जेवायचं दीक्षितांचं की दर दोन तासांनी खायचं दिवेकरांचं, यावर आपल्या महाराष्ट्रात घरं फुटायची बाकी राहिली होती. माझ्या पेशंटांपैकी दोन्हींवर बारीक झालेले आहेत आणि दोन्हींवर जाड झालेलेही. जे तू हिंजवडीच्या शिफ्टमध्ये वर्षभर करू शकशील तेच तुझं. ऑफिसच्या मशीनचा चहा दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर धर, झाली चाळीस ग्रॅम, आणि तो तर तू खाण्यात मोजतही नसशील. तेल घरात महिन्याला किती लिटर येतं आणि माणसं किती, भागून बघ, माणशी अर्धा-पाऊण लिटरच्या वर जात असेल तर उत्तर तिथेच सापडलं. उपासाने बारीक होईन म्हणणाऱ्यांनी साबुदाण्याच्या खिचडीकडे नीट बघावं, नुसता स्टार्च आणि वर तूप-शेंगदाणे, एकादशी अन् दुप्पट खाशी हे आपल्या आज्यांना आधीच कळलेलं होतं. रविवारी सिंहगड चढतेस का माहीत नाही पण चढत असशील तर छान, सहाशे मीटरच्या आसपासची चढण आहे, तुझ्या वजनाला चारशे-साडेचारशे कॅलरी जातील, आणि वर कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लंस की त्याच्या दुप्पट परत येतील. भजी खायची असतील तर खा बाई, पावसाळा आहे, फक्त तो व्यायाम आहे असं समजू नकोस. आमच्याकडे कमी पडतं ते प्रोटीन, उसळीची मोठी वाटी, अंडी, पनीर, जे चालतं ते प्रत्येक जेवणात. आणि आठवड्यातून दोनदा तरी वजनं उचल.

मेथ्या भिजवून खाल्ल्या तर शुगरला थोडा हातभार लागतो, आईला बरं वाटतं, खा. कोमट पाण्यात मध-लिंबू पिऊन चरबी विरघळत नाही, मध ही साखरच. दुधीचा रस पिणार असशील तर आधी दुधीचा तुकडा चाखून बघ, कडू लागला तर सगळा फेकून दे, कडू दुधीने लोक हॉस्पिटलात गेलेले आहेत आणि आयसीएमआरच्या (सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) समितीनेही तसंच बजावलंय.

पण "वजन घटवणारं हर्बल" म्हणून जे डब्यात नाहीतर चहाच्या पाकिटात येतं त्याला मी खरंच घाबरते. बऱ्याच रक्तशुद्धी आणि स्लिमिंग चहांत सोनामुखी असते, म्हणजे जुलाबाचं औषध. सकाळी काटा एक किलो कमी दाखवतो, गेलेलं असतं पाणी, आणि रोज घेतलं तर पोटॅशियमही जातं. गार्सिनिया कॅम्बोजिया म्हणजे आपल्या कोकमाचा केरळातला भाऊ, आमटीत निर्धास्त घाला, पण त्याच्या अर्काच्या गोळ्यांनी आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आहेत. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर लिव्हर सुजलेले पेशंट मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापले, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, आणि आमचं खालच्या मजल्याशी भांडण ते हेच. वैद्य म्हणतात गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल लोक तोडतात, मी म्हणते मग लोकांनी स्वतः तोडून का प्यावी. त्यावर ते हसतात. भस्मांचंही तसंच, इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांचे १९३ नमुने अमेरिकेत तपासले, २००८ मध्ये छापून आलं, जवळजवळ पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सिबुट्रामिन, हृदयाला धोका म्हणून आपल्याकडे २०११ मध्ये बंद झालेलं औषध, ते नंतरही जगभर "शंभर टक्के हर्बल" कॅप्सूलमध्ये सापडत राहिलं. एक सोपी चाळणी सांगते: लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात करायलाच आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. म्हणजे जो रिक्षाच्या मागे तसं लिहितो तो पहिल्याच ओळीत कायदा मोडतोय, त्याच्या डब्यातल्या चिठ्ठीवर काय विश्वास ठेवायचा.

मैत्रिणीचं इंजेक्शन. ही औषधं खोटी नाहीत, सेमाग्लुटाइडने मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, टिर्झेपटाइडने त्याहून जास्त. (आणि गंमत म्हणजे या कुळातलं पहिलं औषध अमेरिकेतल्या एका विषारी सरड्याच्या लाळेवरून सुचलं, आता ते नॅचरल म्हणायचं का तूच ठरव.) पण ६८ आठवडे म्हणजे सव्वा वर्ष, दोन महिने नाही, आणि बंद केलं की बरंचसं वजन परत येतं, चरबीबरोबर स्नायूही जातात. दिवस राहण्याच्या निदान दोन महिने आधी सेमाग्लुटाइड थांबवावं लागतं, टिर्झेपटाइड चालू असताना गर्भनिरोधक गोळीवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. म्हणजे आयसोट्रेटिनॉइन आणि हे इंजेक्शन कोणी एकत्र दिलं आणि त्या गर्भनिरोधक गोळीवर विसंबून राहिलीस तर केवढा घोळ होईल बघ. २७ बीएमआय आणि पीसीओएस निघालं तर एंडोक्राइनच्या, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरांबरोबर हा विषय काढता येईल, जिमवाल्याबरोबर नाही.

तर मी तुझ्या जागी असते तर या आठवड्यात काय केलं असतं? आयसोट्रेटिनॉइन सुरू करायची घाई केली नसती, पण खोल गाठी असतील तर महिनाभराच्या वर लांबवलंही नसतं. पार्लरची डबी आणि आईचा काढा, दोन्ही पिशवीत घालून त्याच डॉक्टरांकडे गेले असते आणि पाळीचं सांगितलं असतं. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, त्याबरोबर टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड आणि लिव्हर, एवढ्या तपासण्या. पाळीच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं, रिपोर्ट बदलतात. ऑफिसच्या मशीनचा चहा आजपासून बिनसाखरेचा, तेवढं तर कोणाच्या चिठ्ठीशिवाय होतं. आईला सांग की काढा कशाचा आहे त्या सगळ्या वनस्पतींची नावं कागदावर लिहून पाठव, बहुतेक वेळा यादी मागितली की काढा आपोआप मागे पडतो. नाव न लिहिता येणारी पुडी असेल तर ती मात्र घेऊ नकोस, आई रागावली तरी.

रिपोर्ट आले की इथेच आकडे टाक, मी बघेन, दोन-तीन दिवस लागतील उत्तराला. आणि ते मानेवर बटाटा घासणं आज रात्रीपासून बंद, इन्सुलिन खाली आलं की मान हळूहळू आपोआप उजळते, महिने लागतात पण उजळते.